नाव शेवटी विचारायचं

सर, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि मागच्या महिन्यात मी तुमच्यावर भर सभेत तोंडसुख घेतलं. तुमच्या आठवणींचा कार्यक्रम होता. माईक माझ्या हातात होता, हॉल भरला होता आणि पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. मी म्हणाले, "सरांनी गावोगाव फिरून माणसं ऐकली, पण त्यांच्या कानाला बाईचा आवाज कधी लागलाच नाही." टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, त्या मला गोड लागल्या. आता हाताला लिहायची सवय राहिली नाही, त्यामुळं अक्षर वाकडं येतंय. तुम्हाला माझ्या अक्षराचं फार कौतुक, पण आज तेवढं चालवून घ्या.

त्या अक्षरापायीच तर तुम्ही मला बरोबर घेतलंत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मुकुंदवाडीहून सायकल हाणत छावणीतल्या तुमच्या घरी यायचे. स्वयंपाकघरात काकूंची फोडणी चाललेली असायची आणि फडताळात डाळींच्या डब्यांशेजारी तुमच्या कॅसेटांचे डबे, ओल धरू नये म्हणून तळाशी मूठमूठ तांदूळ. निजामाचा काळ आणि अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनचे दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसं एकेक करून चालली आहेत, ती गेली की सगळंच गेलं, या एका काळजीनं तुम्ही दर रविवारी टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून एसटी पकडायचात. मागून मी, रजिस्टर घेऊन. त्या रजिस्टरच्या रेघा मीच मारल्या होत्या. वडील तलाठी असल्यामुळं आमच्या घरी कागद म्हटला की पहिला रकाना कर्त्या पुरुषाच्या नावाचा. मी तोच आखला, आणि दुसरा काही असू शकतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तुमचा नियम मात्र उलटा होता. नाव शेवटी विचारायचं. "आधी नाव विचारलं की माणूस कचेरीत उभा राहिल्यासारखा बोलतो," असं तुम्ही म्हणायचात. एकदा तुमच्या स्वयंपाकघरात बसून मी अर्धी कॅसेट ऐकून सारांश लिहायला घेतला, तर तुम्ही हातातलं पेन काढून घेतलंत. "शेवटपर्यंत ऐकलंस? नाही ना? मग लिहितेस काय, कपाळ?" काकूंसमोर बोललात म्हणून मला जास्त लागलं. मी न जेवता निघून गेले. पुढच्या रविवारी स्टँडवर तुम्ही खिशातून हिरवं शाईपेन काढून माझ्या हातावर ठेवलंत आणि एवढंच म्हणालात, "आता ऐकून लिही." हे पत्र त्याच पेनानं लिहितेय.

ते डबे आता माझ्या ताब्यात आहेत. जुनी दप्तरं जिथं ठेवलीत तिथल्या एका खोलीत बसून मी तुमच्या कॅसेटा एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवते. दोन महिन्यांपूर्वी तिथं एक मुलगी आली. सिल्लोडच्या पुढच्या एका गावची, इथं दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात आजोबांच्या नावाची कमान बांधलीय. पोलीस ॲक्शनच्या वेळी मुसलमानांवर हल्ले होत होते तेव्हा त्यांनी शेजारच्या मुसलमान बाईला आन् तिच्या पोरींना लपवून ठेवलं म्हणून. पण आजी म्हणते, ते मी केलं. त्या सरांच्या मशीनमदी मी समदं सांगितलंय, जा अन् आण. नव्वदीच्या पुढं गेलीय ती. तिला ते ऐकायचंय."

मी रजिस्टर काढलं. पानामागून पान उलटलं, एकाही बाईचं नाव नाही. आजोबांचं मात्र होतं आणि पुढं माझ्याच अक्षरात सारांश: शेजारच्या कुटुंबाला अकरा दिवस बळदात लपवले. गावानं याच पानावरून कमान उभी केली होती. मी त्या पोरीला ठामपणे सांगितलं की तुझ्या आजीची कॅसेट नाही, सर पुरुषांशीच बोलायचे. तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, म्हणून ती गेल्यावर मी सहज आजोबांची कॅसेट लावली.

सर, आजोबा दोनच वाक्यं बोलतात. मग खोकतात, "बैलं सोडतो जरा" म्हणतात आणि जातात ते जातातच. पुढं सगळी बाईच बोलते. "हे तवा घरी नव्हतेच. रझाकारांच्या भ्यानं बाकीच्या बाप्यांसंगं खानदेशात गेलते. म्या चवदा वर्साची. रंगरेजाची बायकू माजी मैतरीण, दोन लेकरं कडंवर. म्हनली, माय, मला कुटं बी घाल. भितीआड बळद व्हतं, ज्वारीचं, तिथं घातली. अकरा दीस. भाकर द्याची ती बी फडक्यात बांधून, वास येऊ नये म्हनून. एक लेकरू खोकलं की माजा जीव जायाचा." मी तिथं होते, सर. मी त्या ओसरीवर तुमच्या शेजारी बसले होते आणि मला यातला एक शब्द आठवत नव्हता.

मी दुसरी कॅसेट लावली, तिसरी लावली. तेच. पुरुषाचं नाव, दोन वाक्यं आणि मग बाई. एकूण नऊ निघाल्या. माझं डोकं फिरलं. इतक्या बायका बोलल्या आणि या माणसानं सगळ्या नवऱ्यांच्या खाती घातल्या! मी तर सांगाल ते लिहिणारी पोर होते, असं मी स्वतःला बजावलं. एकाही कॅसेटची दुसरी बाजू लावली नाही. कार्यक्रम चार दिवसांवर होता, तोंडाला विषय मिळाला होता, आणि मी बोलून मोकळी झाले. खाली उतरल्यावर काकू म्हणाल्या, "बरी बोललीस. शेवटपर्यंत ऐकलं होतंस ना सगळं?" मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या कॅसेटची दुसरी बाजू लावली. शेवटाला तुम्ही विचारता, "बाई, तुमचं नाव काय?" बाई बोलायच्या आत एक पातळ, चुरचुरीत आवाज मध्ये येतो, "सर, नाव लिहून झालंय, कर्त्याचं." तुम्ही म्हणता, "अगं, पण बोललं कोण?" आणि तो आवाज म्हणतो, "पण रकाना एकच आहे ना, सर." मग बाई म्हणते, "व्हय व्हय, ऱ्हाऊ द्या. त्यांचंच लिवा." आणि कॅसेट संपते.

तो आवाज मला आधी ओळखूच आला नाही, आणि ओळखला तेव्हा वाटलं, कुणीतरी थोबाडीत मारली. मग उरलेल्या आठही कॅसेटांच्या दुसऱ्या बाजू ऐकल्या. तुम्ही तीनदा विचारलंत आणि तीनदा मीच मध्ये तोंड घातलं. चौथ्या कॅसेटपासून तुम्ही विचारणं सोडून दिलंत. का सोडलंत, सर? मला एक रेघ जास्त मारायला लावली असती तर मी मारली असती. हाही रागच आहे, आणि तो तुमच्यावर काढायचा हक्क मला आता उरलेला नाही.

मागच्या रविवारी सिल्लोडची एसटी धरली. कमानीखालून गेले. म्हातारी बाजेवर बसली होती, दिसत कमी, ऐकू नीट येतं. नातीनं मोबाइल तिच्या कानाशी धरला. नवऱ्याचा खोकला ऐकू आला तशी तिनं चटकन पदर डोक्यावर ओढला. मग स्वतःचा आवाज ऐकत राहिली, भाकरीपाशी आल्यावर रडली. सगळं झाल्यावर म्हणाली, "त्यांचं नाव पुसू नका. खाली माजं घाला." मी तिला नाव विचारलं. ती बोलेपर्यंत थांबले, दोनदा म्हणवून घेतलं आणि तुमच्या पेनानं लिहिलं. आता रजिस्टरात बोलणाराचा वेगळा रकाना आहे. पुढच्या ग्रामसभेत नात ते पान वाचणार आहे.

काकूंकडे अजून गेले नाही. हे पत्र कॅसेटांच्या डब्यात तांदळाखाली ठेवीन, टाकायला तसाही पत्ता नाही. पण एक सांगायचं राहिलंय. निघताना म्हातारीनं माझा हात धरला आणि विचारलं, "शेवटाला मदीच बोलली ती पोरगी कोन व्हती गं? लई घाई व्हती तिला." तीस-पस्तीस वर्षांनी ती मला माझं नाव विचारत होती, सर. मी म्हणाले, "होती कुणीतरी कॉलेजातली."