भेवाच्या हाताची पट्टी

माय, तुझी तेरवी झाली तेव्हा तू जिवंत होतीस. इंग्रजांपासून देश सुटल्यानंतरचं दुसरं वर्ष असावं. तुझ्या पाठीवरचा चट्टा आजीला दिसला आणि तिरोड्याजवळच्या आपल्या गावानं ठरवलं, महारोग. बाबांनी तुला धानाच्या बांध्यांपलीकडे झोपडीत ठेवलं, तळ्यावर मुंडण केलं, गावजेवण घातलं. त्यातलाच भात आजीनं बांबूनं तुझ्याकडे ढकलला. "खा, तुयाच नावाचा हाय." तू खाल्लास. मी बांधावरून बघत होते.

मिशनच्या बाईनं तुला बैलबंडीत घालून महारोग्यांच्या आश्रमात नेलं. बाबांच्या नव्या बायकोला मी नको होते. बाबा मलाही आश्रमाच्या फाटकाशी सोडून गेले, मागं वळून न बघता. बाईनंच मला वाढवलं, पट्ट्या बांधायला शिकवलं. पण तुझ्यापाशी आले की भीतीनं हात मागंच राहायचे.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: तू खाटेवर बसली आहेस. बोटं झडलेला तुझा पाय पाटावर आहे आणि मी लांबूनच, चिमट्यानं कापूस फिरवते आहे. तू पाय ओढून घेतेस. साऱ्यांसमोर म्हणतेस, "जा इथून. भेवाच्या हाताची पट्टी मले नोको. आजी बांबूनं ढकले, तू चिमट्यानं."

मी रडते. तुला दया येत नाही.

"तुले नाही लागत भेव?" मी विचारते.

"झोपडीत लय लागे. कोल्हे दारापर्यंत येत. बाईनं येशूचं सांगितलं, तरी लागेच. मंग म्या म्हटलं, देवा, भेव काही जाऊन नाही राहिलं, तूच ये. तवापासून मी एकटी नाही."

दुसऱ्या दिवशी मी चिमटा आणलाच नाही. प्रार्थना केली. भीती गेली नाही, तरी हात तुझ्या जखमेवर ठेवले. रोगानं बधिर झालेल्या त्या पायाला काही कळत नव्हतं. तू नुसती बघत होतीस.

तू गेलीस तेव्हा बाबांना निरोप धाडला. "ते तं कवाचीच मेली," असा उलटा निरोप आला. आश्रमामागं आम्हीच तुला पुरलं.

आता मी पट्ट्या बांधायला शिकणाऱ्या नव्या मुलींना सांगते, देवावर भार टाका. त्या मला निर्भय समजतात. म्हणून तुला लिहिलेले हे कागद कुणाला दाखवायचे नाहीत. रोज सकाळी, वॉर्डात जाण्याआधी, दार लावून मी हाताला टाचणी टोचून बघते. दुखलं की देवाचे आभार मानते. एखाद्या सकाळी दुखलं नाही तरी मानेन, असं त्याला कबूल केलंय. पण तोवर टाचणी काही सुटत नाही, माय.