कोणता अध्याय, कोणतं वचन

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्राच्या ओळी उताराला लागलेल्या दिसतील, तर लगेच लाल पेन्सिल काढू नकोस. कारण आनंदाचं आहे. मी चष्मा सोडला.

मागे तुला लिहिलं होतं की लाकूडसामानाच्या दुकानावरच्या सभागृहात एक नवे शिक्षक येतात. ते दर महिन्याला एक नवा प्रकाश देतात. डिसेंबरचा प्रकाश होता, प्रार्थना जेवणाआधी नाही, जेवणानंतर करायची. जानेवारीत कळलं की प्रार्थना बसून केली तर अर्धीच पोचते. आणि या महिन्यात त्यांनी सांगितलं की ज्याचा विश्वास पुरा आहे त्याला डोळ्यांवर काच लागत नाही. मग एक टोपली फिरवली. तिच्यात एकतीस चष्मे जमले, बत्तिसावा माझा.

दुकानात काम भरपूर आहे. वकीलसाहेबांचा काळा कोट शिवायला घेतलाय. सुईत दोरा सध्या ही ओवून देते, पण तेवढं चालायचंच. चर्चमधली आपली जुनी मंडळी म्हणजे तेच बाक, तेच पाळकसाहेब आणि तीच जांभई. इथे प्रत्येक वेळी काहीतरी नवीन असतं. तू एकदा येऊन तरी बघ.

ही आणि सासरे ठीक. तुझा लोभ आहे तो उसवू नये.

तुझा,
धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि डोळ्यांना दोन जास्त.

तुझं पत्र पोचलं, पण वळसा घालून. पाकिटावर घराचा आकडा असा काही काढला होतास की पोस्टमनने ते शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना दिलं. त्यांनी पहिलं पान भक्तिभावाने वाचलं, मग आणून दिलं, आणि विचारलं की एखाद्या महिन्यात कवळ्यांची टोपली फिरणार आहे का. त्यांना धंद्याची काळजी पडलीय.

आता मला सांग, चष्मा म्हणजे अविश्वास, तर मग तुझं अंगुस्तान काय? विश्वास असता तर सुई बोटात घुसली नसती. आणि डिसेंबरचा प्रकाश अजून चालू आहे की जानेवारीचा आल्यावर तो बंद करायचा असतो? चिडू नकोस. तुझी खोडी काढण्याचा मला जन्मसिद्ध अधिकार आहे, तू झालास तेव्हा मी सात वर्षांची होते.

पण एक गोष्ट गंमत बाजूला ठेवून लिहिते. छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम करून मला तीस वर्षं झाली. परवाच एका गोळीच्या माहितीपत्रकात ‘जेवणानंतर’च्या जागी ‘जेवणाऐवजी’ छापून आलं होतं. मी पकडलं नसतं तर निम्मं शहर वाळून गेलं असतं. खिळे जुळवणाऱ्याने शपथेवर सांगितलं की मजकूर असाच होता. मी त्याच्याशी वाद घातला नाही. मूळ प्रत मागवली, शेजारी ठेवली, बोट ठेवून वाचलं. संपलं.

तसंच तू कर. मी तुझ्याशी वाद घालणार नाही. तुझे शिक्षक म्हणतात ते शास्त्रात कोणत्या पुस्तकात, कोणत्या अध्यायात, कोणत्या वचनात आहे ते शोध आणि स्वतःच्या हाताने उतरवून मला पाठव. सापडलं तर माझाही चष्मा रजिस्टर पोस्टाने त्या टोपलीत येईल. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया नावाच्या गावचे लोक आहेत ना, प्रत्यक्ष पौलाचं ऐकून घेतलं आणि रोज शास्त्र उघडून ताळा बघत बसले, तरी त्यांची वाहवाच झाली. पौलाला राग आला नाही, मग तुझ्या शिक्षकांना का यावा?

बायकोला, सासऱ्यांना नमस्कार. लोभ जुन्याच आवृत्तीप्रमाणे ठेवावा.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहितेय, तेव्हा उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवू नका.

वकीलसाहेबांचा कोट झाला. दोन्ही बाह्या डाव्या. कोट घालून ते आरशापुढे उभे राहिले, तर हात वर करून जणू कोणाला शरण गेलेत असे दिसत होते. स्वभावाने भले म्हणून हसले, पण कोट ठेवून गेले. गणवेशांच्या वीस शर्टांना काजं पडलीत बटणांच्या बाजूला. मी दिवसा उसवते आणि हे पुन्हा शिवतात. आमचा संसार सध्या असा चाललाय.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण पुढच्या महिन्याचा प्रकाश आधीच कानावर आलाय, आणि तो औषधांचा आहे. माझ्या वडिलांना रक्तदाबाची गोळी रोज लागते हे तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी ती चार दिवस चुकली तेव्हा अर्धं तोंड वाकडं झालं होतं. आता ते म्हणतात की जावई एवढा चष्मा सोडतो तर मी एक गोळी सोडू शकत नाही का. यांच्यावर त्यांचा भारी जीव. हे नको म्हणाले तर ते ऐकतील, पण हे नको म्हणतही नाहीत आणि हो म्हणतही नाहीत. गोळ्या मी सध्या बटणांच्या डब्यात लपवल्यात.

तुमचं पत्र वाचल्यापासून मात्र यांची झोप उडालीय. आधी फणफणले. मग वचन विचारायला शिक्षकांकडे गेले. ते म्हणाले की नवा प्रकाश जुन्या शाईत शोधायचा नसतो. हे घरी येऊन म्हणाले, ठीक आहे, मीच शोधतो आणि ताईला गप्प करतो. शास्त्र उघडून बसले आणि मग लक्षात आलं की अक्षर दिसत नाही. मला हसू आलं, म्हणून स्वयंपाकघरात गेले. परत आले तर ते तसेच बसलेले, उघड्या पानावर हात ठेवून. तेव्हा नाही हसले.

तुम्हीच काही सुचवा. घरातल्या सगळ्यात लहान मुलासारखं आम्हाला सांभाळून घ्या, एवढंच मागणं.

तुमची,
भावजय


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या पत्राच्या ओळी सरळ आहेत. यातच काय ते समज, पण सगळं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

तुला खोटं पाडायचं म्हणून सासऱ्यांचा चष्मा मागून घेतला. त्यांच्या काचा माझ्यापेक्षा जाड, त्यामुळे सहा दिवस मला प्रत्येक अक्षर वाटाण्याएवढं दिसलं. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांपासून सुरुवात केली. तिथे पौल काय सांगतो, तर पोट बिघडतंय ना, मग नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घे. हा दाखला पुरे नव्हता म्हणून पुढे वाचलं. त्याने त्रफिम नावाच्या सोबत्याला आजारी असताना मागे ठेवलं, आणि तुझा विश्वास कमी पडला असं त्याला एका शब्दानेही म्हटलं नाही. आणि बरोबर हिंडणारा लूक तर चक्क वैद्य. गलतीकरांना पौल स्वतःच्या हाताने लिहितो तेव्हा म्हणतो की बघा किती मोठी अक्षरं काढलीत. त्यालाही डोळ्यांचा त्रास असावा. हा माझा अंदाज आहे, शास्त्र नव्हे, तेव्हा समासात खूण करू नकोस.

प्रभूने आंधळ्यांना दृष्टी दिली, ती पानं मी दोनदा वाचली. देव बरं करतो यावरचा माझा विश्वास तसूभरही हललेला नाही. पण त्याने बरं करण्याआधी कोणाची काठी काढून घेऊन टोपलीत टाकायला लावली, असं कुठेच सापडलं नाही. सापडलं ते भलतंच. कान खाजवायला लागले की लोक मनासारखे शिक्षक गोळा करतील, असं तीमथ्याच्याच दुसऱ्या पत्रात लिहिलंय. ते वाचल्यावर मी खरोखर कान चाचपून पाहिला.

मग सभागृहात गेलो. शिक्षक भांडले नाहीत. माणूस वाईट नाही गं, ताई. त्यांनी मला शेजारी बसवलं, चहा दिला, आणि हळूच म्हणाले, “तू अजून जुन्या पानातच अडकलायस.”

मी म्हटलं, “हो. आणि इथून पुढे मला तिथेच शोधा.”

तिथून उठणं सोपं नव्हतं. तिथे कोणीतरी दर वेळी विचारायचं की बाबा, कसा आहेस. आपल्या मंडळीत मी वीस वर्षं त्याच बाकावर बसतोय आणि शेजारचा अजून मला इस्त्रीवाला समजतो. तिकडे मी नव्या प्रकाशासाठी जात होतो की त्या विचारपुशीसाठी, ते मलाच ठाऊक नाही. आता या रविवारी मीच शेजाऱ्याला विचारणार आहे की कसा आहेस. बघू काय होतं.

टोपलीतून चष्मा परत घेताना अकरा चष्मे लावून पाहिले. बारावा माझा. मला बघून मागच्या रांगेतल्या दोघी पुढे आल्या आणि त्यांनीही आपापले उचलले. सासऱ्यांना सांगितलं की गोळी सोडायची नाही, रोज माझ्यासमोर घ्यायची. ते म्हणाले की मग माझा चष्मा परत कर, गोळी कुठे आहे तेच दिसत नाहीये. ती बटणांच्या डब्यात निघाली. हिने लपवली होती म्हणे. मला कोणीच काही सांगत नाही.

आता तुझं काम. सहा दिवस मी पुढेमागे बरंच वाचलं. मत्तय, पाचवा अध्याय, तेविसावं आणि चोविसावं वचन. उतरवून पाठवत नाही, तुझ्याकडे मूळ प्रत आहे. चार वर्षं तू बाजाची पेटी वाजवणाऱ्या तुझ्या मैत्रिणीशी बोललेली नाहीस. बोट ठेवून वाच.

लोभाला कात्री लागू देऊ नये.

तुझा,
धाकटा


४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. दोन्ही मनापासून.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग शेवटचा परिच्छेद वाचून पत्र कपाटावर फेकलं. मत्तयाचा पाचवा अध्याय मला पाठ आहे हे तुला चांगलं माहीत आहे. वेदीपुढे अर्पण घेऊन उभी आहेस आणि आठवलं की कोणाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. इतकं सरळ. त्यात छपाईची चूक निघते का ते पाहायला मी तीन आवृत्त्या काढून बसले. निघाली नाही.

मग मी सबबी शोधल्या. चूक तिची होती. सगळ्या गायकवृंदासमोर ती म्हणाली होती की मी प्रत्येक कडव्याला अर्धी मात्रा मागून येते. मी म्हटलं होतं की ती बाजा वाजवत नाही, टंकलेखन करते. त्या वचनात चूक कोणाची ते विचारलेलंच नाही. तीस वर्षं मी लोकांना मूळ प्रत दाखवत आले. हे पान मात्र मी घाईघाईने उलटत होते. तुला एक नवीन शिक्षक मिळाला होता, मला जुनाच राग पुरला. टोपली तेवढी वेगळी.

शनिवारी दुपारी गेले. तीन मजले चढून दारापाशी पाच मिनिटं उभी राहिले. आतून सरगम शिकवण्याचा आवाज येत होता. शिकवणी संपून मुली बाहेर पडल्या आणि दारात ती दिसली. केस पांढरे झालेत, डाव्या मनगटाला पट्टा. दुखत होतं म्हणे, दोन वर्षं. रविवारी माझ्यापासून चार बाकांवर बसलेल्या बाईचं मनगट दुखतंय हे मला माहीत नव्हतं. मी पाठ करून आणलेलं वाक्य विसरले आणि एवढंच म्हटलं की माझं चुकलं.

ती म्हणाली, “अर्धी मात्रा उशिरा आलीस. पण आलीस.”

दोघी इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरचा माणूस वर बघायला आला. मग तिने दार लावून घेतलं आणि आम्ही रडलो, ते त्याला दिसायला नको म्हणून. तिनेही कबूल केलं की एकदा ती जिन्यापर्यंत आली होती आणि परत गेली होती. मुद्दाम विचारलं, कोणत्या वर्षी. पहिल्याच. तीन वर्षं वाया घालवली रे आम्ही.

काल उपासनेत दानपात्र माझ्यापर्यंत आलं. दर वेळी मी ते न बघताच पुढे सरकवते, हात कसा घाईत असतो. काल मी दान टाकलं, पात्र क्षणभर मांडीवर ठेवलं, आणि मग पुढे दिलं. शेजारीण ती होती.

तुझा शेजारी काय म्हणाला ते कळव. तुझ्या बायकोला सांग की माझ्याकडून तिच्या वडिलांसाठी रोज एक प्रार्थना, जेवणाआधी आणि बसून. लोभ जसा लिहून आलाय तसाच पाळावा.

तुझी,
ताई