सुतळीत बांधलेला नियम

प्रिय छकुले,

आधी बस. उभ्याउभ्या पत्र वाचायची तुझी घाई मला ठाऊक आहे. माझा गुडघा बरा आहे, तुझी वहिनी कुरकुरत का होईना, रोज तेल लावते.

सभागृहात काय चाललंय ते तू वाचत असशीलच. सरकारी खात्यांचा प्रत्येक नियम यापुढे सदस्यांनी वाचून, मत देऊन मंजूर करायचा, असं विधेयक आलंय. माझे जुने सहकारी नुसते चवताळलेत. म्हणे, यांना बॉयलर आणि चहाची किटली यातला फरक कळत नाही, हे काय नियम तपासणार! निवृत्त होण्याआधी मीही हेच बोललो असतो, अगदी टेबलावर हात आपटून.

तुला वाटायचं, मी खात्यात टपाल बघतो. मी नियम लिहायचो गं. कायदा सभागृह करतं, पण त्यात एक ओळ असते, तपशील खात्याने ठरवावा. तो आम्ही ठरवायचो. मग नियम सभागृहाच्या टेबलावर तीस दिवस ठेवायचा, कुणी हरकत घेतली नाही की झाला पक्का. आमची रीत अशी, की अधिवेशन संपत आलं की पन्नासेक नियमांचा एकच गठ्ठा बांधायचा आणि कुणाच्या नजरेला पडायला नको तो कागद मधोमध सारायचा. गठ्ठा परत आला की सुतळीची गाठ मी मारलेली तशीच असायची. आम्ही हसायचो. माझ्या गाठीचं फार कौतुक होतं तिथे.

भावोजी गेले त्या सकाळी कारखान्याच्या फाटकाशी तू मातीत बसली होतीस. फुटलेल्या बॉयलरची शेवटची तपासणी तीन वर्षांपूर्वीची. दरवर्षी येणारा तपासनीस यायचा बंद का झाला, एवढंच तू ज्याला त्याला विचारत होतीस. चार वर्षांत एकवीस अर्ज केलेस. दरवेळी तेच उत्तर, 'नियमानुसार'. अर्ज मी तपासून द्यायचो. दादा, तू आहेस म्हणून मी उभी आहे, असं एकदा म्हणालीस, आणि मी भरलं ताट बाजूला सारलं. वहिनीला वाटलं, भाजी बिघडली.

तो नियम मी लिहिला, छकुले. तपासणीऐवजी बॉयलर ठीक आहे असं मालकाने स्वतःच लिहून दिलं तरी चालेल, असा. साहेब म्हणाले, तपासनीस कमी आहेत, काहीतरी करा. अर्ध्या तासात केलं आणि गठ्ठ्याच्या मधोमध घातलं. त्याहून वाईट सांगतो. तुझ्या प्रत्येक अर्जात 'हा नियम कुणी लिहिला' अशी ओळ असायची. अर्ज लांबतो असं तुला सांगून ती मी दरवेळी खोडली. एकवीस वेळा खोडली. उद्या त्या विधेयकावरच्या समितीपुढे माझी साक्ष आहे. कुणी बोलावलं नव्हतं, मीच कळवलं. परवा पेपरात येईल, ते तुला शेजारणीकडून कळू नये म्हणून आज लिहिलं. माफी कुठल्या तोंडाने मागू? इतकी वर्षं रडू आलं की तू माझ्याकडे यायचीस. आता कुणाकडे जाशील, हे काही केल्या मला सुचत नाही.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
दादा