रडूबाईची खोली

६ मार्च

आज रडूबाईची मान मोडली!

रडूबाई म्हणजे आमची बाहुली. बॅटरीवर रडते आणि काही केल्या थांबत नाही. बाळ-बाळंतीण घरी जायच्या आधी बापाला तिच्यासोबत छोट्या खोलीत बसवायचं. झुलव, गाणं म्हण, पाया पड — ती रडणारच. मग सिस्टर एवढंच शिकवतात: डोकं तापलं की बाळाला पाळण्यात ठेवा, दार लावा, बाहेर या. रडण्याने बाळ मरत नाही, गदागदा हलवल्याने मरतं. माझं सगळं संशोधन हे एवढंच.

आज एका टॅक्सीवाल्याने तिला इतकं हलवलं की मान लटकायला लागली. मग तोच मटकन खाली बसला. "खरी असती तर, बाई?" हेच म्हणत राहिला. सिस्टरने पाणी दिलं, पुन्हा पहिल्यापासून सगळं शिकवलं. जाताना त्याने बाहुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

७ मार्च

मानेला चिकटपट्टी लावली. रडूबाई पुन्हा भोकाड पसरायला तयार.

१९ मार्च

आरोग्य खात्याच्या संचालकांनी बोलावलं. "तक्रारी येताहेत, मॅडम. चांगल्या घरचे लोक म्हणतात, आम्ही काय राक्षस आहोत? संशय येईल ते बाप तेवढे निवडा. नाहीतर खोली बंद."

कुणाच्या कपाळावर लिहिलेलं असतं का? म्हटलं, बसवायचं तर सगळ्यांना. "आकडे आणा, मग बोला," म्हणाले. येताना दार जरा जोरातच लावलं. बरं वाटलं!

२ एप्रिल

सूनबाईचे दिवस भरत आलेत. चिरंजीव पाळण्याचे स्क्रू आवळत बसलेत. हा दाराला धडकला तर दारालाच सॉरी म्हणतो! याला कुठे लागतेय रडूबाई. सूनबाईचं नाव घातलंय त्या इस्पितळात आमची खोली नाही. नसू दे.

२४ एप्रिल

आकडे आले!! हलवल्यामुळे मेंदूला इजा झालेली बाळं — खोली असलेल्या इस्पितळांत, नसलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी! आकडेवाल्याला पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. शेवटी म्हणाला, "आता मीच भोकाड पसरीन हं."

सिस्टर आणि मी भर व्हरांड्यात नाचलो. पन्नाशीच्या दोन बाया! वॉर्डबॉय बघत होता, बघू दे. कुठली तरी बाळं आत्ता कुणाच्या तरी कडेवर बसून शेंबूड पुसून घेत असतील. आपण वाचलो हे त्यांना कधी कळणारही नाही. याचाच मला सगळ्यात जास्त आनंद झालाय.

३० एप्रिल

संचालकसाहेबांनी सही केली. शहरातली सगळी प्रसूतिगृहं. सगळे बाप. "अपवाद नाही" — हे दोन शब्द मी हट्टाने घालायला लावले. जिंकले!

२१ मे

नात झाली! काल मी आजी झाले! लालबुंद, सुरकुतलेली, जगात सगळ्यात सुंदर.

आणि आज चिरंजीव फुरंगटून आले. "आई, मलाही बसवलं तुझ्या त्या रडूबाईसमोर! सांगितलं, मी त्यांचाच मुलगा. तर तिथली सिस्टर म्हणे, त्यांनीच लिहिलंय, अपवाद नाही." पोट धरधरून हसले.

२ जुलै

दुपारी चिरंजीवांचा फोन. सूनबाई तपासणीला गेलेली. आवाज ओळखू येईना. "आई, थांबतच नाहीये गं ती. दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं मी तिला… हलवणारच होतो. मग पाळण्यात ठेवलं. दार लावलं. जिन्यात बसलोय. तू बोलत राहा."

मी बोलत राहिले. दारापलीकडून नातीचा आवाज येत होता — खणखणीत! रड गं माझ्या राणी, रड.