दादानं सोडलेलं रान

अहो, मी सकाळच्या गाडीनं सास्तूरला दादाकडं जातेय. भाकरी आणि पिठलं ओट्यावर झाकून ठेवलंय. हर्षालीला शाळेतनं तुम्हीच आणा.

माझं माहेरचं रान विकत घेणाऱ्यांचा वकील काल हक्कसोडपत्र वाचून हसला. म्हणाला, "आपल्याकडं बहीण साडी घेऊन भावाला हक्क सोडते. इथं भावानंच बहिणीला कसा काय सोडला?" तुम्ही लगेच चहाचं काढलं आणि तो विषय तिथंच राहिला. माझ्या डोक्यातनं मात्र तो जाईना.

दादाला शेतीत रस नाही, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. मग आठ वर्षं तो लोकाचं रान बटईनं का करतोय? इतकी वर्षं मला हे विचारायचं सुचलंच नाही. चार एकर घेतलं, पण त्याला साधा टॉवेल-टोपीचा आहेरसुद्धा केला नाही. आज तो घेऊन चाललेय.

मी येईपर्यंत इसार घेऊ नका. दादा काय सांगायचं ते सांगेल, पण तुम्हीही जरा आठवून ठेवा. मी हर्षालीच्या बाळंतपणात अंथरुणाला होते, तेव्हा त्याला सहीसाठी मोटारसायकलवर बसवून तुम्हीच नेलं होतं.

अर्पिता