मामींना ताक वाटलं पाहिजे

१४ जून, शनिवार
फ्रिज पुसताना भाजीच्या खणात हेमाची बाटली सापडली. पांढरी वाइन, दुकानातली सर्वांत स्वस्त. आजारपणाआधी मीच तिला आणून दिलेली, न उघडलेली. ती जाऊन आज बेचाळीस दिवस. टाकवेना. परत आत ठेवली.

१५ जून
महिन्याला एक बाटली — एवढीच तिची हौस. आमच्या या मांबलम वस्तीत सगळे ओळखीचे, म्हणून मी मेट्रोनं लांबच्या दुकानात जायचो. पेपरात गुंडाळून, पिशवीत वर कढीपत्ता ठेवून आणायचो. घरी आलो की सांगायचो, पडदा ओढ आणि स्टीलच्या पेल्यात घे. समोरच्या त्रिपुरसुंदरी मामींना ताक वाटलं पाहिजे.
"अहो, रंग तरी बघू द्या," एकदा म्हणाली.
"रंग बघून काय करायचंय?"
पुन्हा तिनं विषय काढला नाही. दोन घोट घ्यायची, झाकण लावून ठेवून द्यायची. मला वाटे, तिला फारशी आवडत नसावी.

१८ जून
ऊन फार. कुठं गेलो नाही.

२१ जून, शनिवार
आज उघडली. काचेच्या पेल्यात ओतली आणि पाच वाजता गॅलरीत जाऊन बसलो. रंग अगदी फिका, पिवळसर. बघताबघता पेल्याला बाहेरून घाम आला. आधी आंबट, मग जरा गोड. मुरुक्कूबरोबर, म्हणजे इथल्या चकलीबरोबर, चांगली लागली — फारच चांगली!
"थोडी घ्या ना," ती दर वेळी म्हणायची. मी पेपरात डोकं घालून बसायचो. एकदा घेतली असती तर काय गेलं असतं माझं?
तेवढ्यात समोर मामी वाळलेले कपडे काढायला आल्या. मी पेला झटकन खुर्चीखाली ठेवला. अजूनही!

२२ जून
सकाळी मामी आल्या. बसल्या आणि सरळ तमिळमध्ये म्हणाल्या, "पेला कशाला लपवलात? हेमा कधी लपवायची नाही."
मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. शनिवारी मी वाचनालयात गेलो की हेमा उरलेली बाटली घेऊन त्यांच्याकडे जायची. दोघी त्यांच्या गॅलरीत बसायच्या, काचेचे पेले घेऊन. पाच वर्षं.
"आणि काय मोठ्यानं हसायची हो!" मामी म्हणाल्या.
एकतीस वर्षांत मी हेमाला मोठ्यानं हसताना ऐकलं नाही.