मोज्यातलं पाऊल

माझ्या लाडक्या नातीस, ठमाकाकूस,

आज घरी सगळ्यांत आधी टपकली ती समोरची शेजारीण. तिला वाटीभर साखर हवी होती म्हणे. वाटी मात्र आणायची विसरली होती! मागोमाग घरोघर तपासणीला फिरणाऱ्या दवाखान्यातल्या दोघी, एक नर्स आणि एक तुझ्याएवढी डॉक्टरीण. घरात एवढी माणसं कधीची आली नव्हती गं, मी हरखलेच. चहा टाकला, खुर्च्या पुसल्या, तोंडाचा पट्टा तर चालूच होता. तेवढ्यात नर्सबाई माझ्या पायांकडे बघून डॉक्टरणीला म्हणाली, या व्हल्नरेबल आहेत.

तेही शेजारणीसमोर! मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, बाई, शिवी द्यायची तर कळेल अशी द्या, परतफेड तरी करता येईल. डॉक्टरीण हसली, स्टूल ओढून बसली. म्हणाली, शिवी नाही हो आजी, फार जुन्या लॅटिन भाषेत जखमेला एक शब्द होता, त्यातून हा इंग्रजीत आला. ज्याला जखम होऊ शकते, तो. मी म्हटलं, मग तुम्हालाही लागू की! कातडी काय मला एकटीलाच दिलीय? ती म्हणाली, सगळ्यांनाच लागू. पण एवढ्या उकाड्यात दोन-दोन मोजे तुम्हीच घातलेत, ते काढा बघू.

शेजारीण साखर विसरून पुढे सरकली. नर्सनं तिला बाहेर काढलं, बरं झालं.

तुला ठाऊक आहे, जन्मभर मी लोकांचे कपडे इस्त्री केले. ओलं बोट टेकवलं की चर्र आवाजावरून ताव कळायचा. कुणाच्या कापडाला कधी डाग पडू दिला नाही. आणि परवा गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन आडवी झाले, तर टाच भाजली तरी पत्ता नाही! मधुमेहानं पाय बधिर झालेत. मोजा ओला लागला तेव्हा समजलं. इस्त्रीवालीनं स्वतःचंच कातडं जाळलं, हे सांगू कुणाला? वर दुसरा मोजा चढवला. डॉक्टरीण रागावली नाही. उशीर केलात, एवढंच म्हणाली. तेच जास्त लागलं बघ.

फोनवर तू पायाचं विचारतेस आणि मी ठणठणीत म्हणून थाप मारते. तुझा आवाज ऐकला की खरं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून हे लिहिलं. जखम चिघळली तर पाऊल जाईल, असं डॉक्टरीण म्हणालीय. साफ करताना घरचं कुणीतरी जवळ हवं. मी आजवर कुणाला ये म्हटलं नाही, तुला म्हणते. ये. त्या दोघी गुरुवारी सकाळी परत येणार आहेत.

तुझीच,
लाजलेली आजी